कर्करुग्ण मित्राला काय द्यावे, कसे द्यावे?



आपल्या ओळखीतील कुणाला कर्करोग झाल्याची वार्ता येते, तेव्हा पहिल्या आठवड्यात त्या घरात पाय ठेवायला जागा नसते. नातेवाईक येतात, शेजारी येतात, चर्चमधील मंडळी येतात. सफरचंद-मोसंब्यांच्या पिशव्या, बिस्किटांचे पुडे आणि शक्तिवर्धक पावडरींचे डबे यांनी टेबल भरून जाते. पुढे उपचार सुरू होतात, महिने लोटतात आणि येणारी पावले विरळ होऊ लागतात. मुंबईची पाचवी-सहावी खेप असते, साठवलेला पैसा संपत आलेला असतो, रुग्ण थकलेला असतो आणि आता सोबत कोण जाणार हा प्रश्न उभा असतो. नेमक्या त्या वेळी दारात कुणी नसते.

लातूरकरांना हे निराळे सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. तेव्हा पहिल्या दिवसांत मदतीचा मोठा ओघ आला; परंतु घरे पुन्हा उभी राहण्यास आणि माणसे सावरण्यास वर्षे लागली. कर्करोगाचेही असेच आहे. धक्का एका दिवसाचा असतो, उपचार मात्र सहा महिने, वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ चालतात. मराठवाड्यातील साध्या कुटुंबात उपचार अर्ध्यावर सुटतात, ते पुष्कळदा औषध नाही म्हणून नव्हे. प्रवास झेपत नाही, मजुरी बुडते, घरी लेकरांना पाहणारे कुणी नाही, अशी त्यामागील कारणे असतात. ही कारणे दूर करणे डॉक्टरांच्या हाती नाही, ते मित्रांच्या हाती आहे. म्हणून मित्राला काय द्यावे याचे उत्तर एका वाक्यात द्यावयाचे तर असे देता येईल : त्याचे उपचार पूर्ण होण्यास जे साहाय्यभूत होईल ते द्यावे आणि उपचार संपेपर्यंत देत राहावे.

प्रथम ऐकावे

पवित्र शास्त्रातील ईयोबाची कथा आपल्याला ठाऊक आहे. त्याच्यावर संकट कोसळल्याचे ऐकून तीन मित्र दुरून आले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी केलेली ही सर्वांत मोठी सेवा होती. पुढे ते बोलू लागले, ईयोबाच्या दुःखाची कारणे सांगू लागले आणि त्याच्या यातनांत भर पडली.

आजही रुग्णाला हेच सोसावे लागते. 'तंबाखू खात होतास, मग काय होणार', 'आमच्या आत्याला हाच आजार होता, ती वाचली नाही', 'काही होत नाही, तू उगीच घाबरतोस' ही वाक्ये चांगल्या हेतूने उच्चारली जातात, पण ती बोचतात. आजार ही पापाची शिक्षा आहे असे सुचविणारे बोलणे तर सर्वथा वर्ज्य मानावे. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी असाच प्रश्न केला होता, तेव्हा त्या माणसाने किंवा त्याच्या आईवडिलांनी पाप केले म्हणून तो आंधळा जन्मला, ही समजूत प्रभू येशूने स्पष्टपणे नाकारली.

भेटीला जाण्यापूर्वी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. आपल्याकडे अनेक घरांत रुग्णाला रोगाचे नाव सांगितलेले नसते. त्याला काय माहीत आहे हे घरच्यांना हळूच विचारावे आणि आपल्या तोंडून काही फुटणार नाही याची काळजी घ्यावी. मात्र रुग्णाने स्वतः विषय काढला, भीती बोलून दाखवली, तर ती झटकून टाकू नये. ऐकून घ्यावे. त्याला कदाचित तेवढेच हवे असते.

कर्करोग हा संसर्गजन्य रोग नाही. जवळ बसल्याने, हात हातात घेतल्याने, एका ताटात जेवल्याने तो होत नाही. तरीही काही घरांत रुग्णाचे ताट-वाटी वेगळे काढले जाते. जाणत्या मित्राने अशा घरी त्याच्या शेजारी बसून चहा घ्यावा. न बोलता सर्वांना उत्तर मिळते. धोका असलाच तर तो उलट दिशेने असतो. केमोथेरपीमुळे रुग्णाची प्रतिकारशक्ती उतरते, म्हणून सर्दी, खोकला, ताप किंवा कांजिण्या असलेल्याने भेटीस जाऊ नये.

उपचारांचे वेळापत्रक समजून घ्यावे

शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार हे कर्करोगाच्या उपचारांचे तीन मुख्य मार्ग आहेत. प्रत्येकात रुग्णाची गरज वेगळी असते.

शस्त्रक्रियेनंतर हालचाल कमी होते. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात जपावा लागतो. बादली उचलणे, घट्ट बांगड्या घालणे टाळावे लागते. अशा मैत्रिणीला भारी साडीपेक्षा पुढून उघडणारे दोन सैल सुती ब्लाउज वा गाऊन अधिक उपयोगी पडतात. तोंडाच्या किंवा घशाच्या शस्त्रक्रियेनंतर कित्येकांना काही काळ बोलता येत नाही, नाकातील नळीवाटे पातळ अन्न घ्यावे लागते. त्यांना पाटी-पेन्सिल किंवा जाड वही आणि पेन द्यावे. घरात मिक्सर नसेल तर चार मित्रांनी मिळून तो द्यावा.

केमोथेरपी ठरावीक अंतराने दिली जाते. पुष्कळदा हे अंतर तीन आठवड्यांचे असते. औषध चढविल्यानंतरचे पहिले काही दिवस मळमळ आणि थकवा यांचे असतात. त्यानंतर, साधारणपणे सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास, रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. या काळात १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे लागते. म्हणून एक चांगला थर्मामीटर ही अल्प किमतीची, पण मोलाची भेट आहे. 'रात्री दोन वाजता फोन केलास तरी मी गाडी घेऊन येईन' हा शब्द तिच्यासोबत दिला तर अधिकच उत्तम.

किरणोपचार बहुधा आठवड्याचे पाच दिवस, कित्येक आठवडे चालतात. प्रत्यक्ष उपचारास काही मिनिटे लागतात, पण त्यासाठी त्या शहरात मुक्काम करावा लागतो. ज्या भागावर किरण दिले जातात तेथील त्वचा नाजूक होते, म्हणून सुगंधी साबण, पावडर, क्रीम भेट देऊ नये. मऊ सुती कपडे द्यावेत.

कॅलेंडरवर या तारखा लिहून ठेवाव्यात. कोणत्या आठवड्यात डबा द्यायचा, कोणत्या दिवशी सोबत जायचे आणि कोणत्या दिवसांत केवळ फोन करायचा, हे त्यावरून ठरते.

भेटवस्तू कोणती?

केस जाणे ही गोष्ट, विशेषतः स्त्रियांना, फार क्लेशदायक वाटते. केमोथेरपीच्या काही औषधांनी साधारण दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात. मऊ सुती रुमाल, हलकी ओढणी किंवा टोपी द्यावी. कृत्रिम केसांचा टोप मात्र विचारल्याशिवाय देऊ नये. तो हवा की नको हे तिचे तिने ठरवावे.

मऊ दातांचा ब्रश, थर्मास, गरम पाण्याची पिशवी, पातळ चादर या वस्तू नित्य उपयोगाच्या आहेत. अहवाल, स्लाइड, बिले आणि औषधांच्या चिठ्ठ्या क्रमाने लावता येतील अशी कप्प्यांची फाइल तर प्रत्येक कर्करुग्णाजवळ असावी. रुग्णालयाच्या खिडकीवर एक कागद सापडला नाही म्हणून दिवस वाया जातो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना तिचे मोल कळेल. ताजी फुले नेण्यापूर्वी चौकशी करावी. प्रतिकारशक्ती उतरलेल्या रुग्णांच्या विभागात काही रुग्णालये ती आत नेऊ देत नाहीत.

जपमाळ, क्रूस, लूर्द मातेची लहान प्रतिमा या भेटी आपल्या घरांत प्रेमाने दिल्या जातात आणि त्यांतून पुष्कळांना बळ मिळते. परंतु दहा जणांनी दहा प्रतिमा देऊ नयेत. त्यापेक्षा एकाने जपमाळ द्यावी आणि उरलेल्यांनी ती रुग्णासोबत म्हणावी.

काढे, भस्मे, गावठी औषधे कुणाच्या सांगण्यावरून नेऊ नयेत. 'नैसर्गिक' म्हणून विकली जाणारी औषधेही चालू उपचारांत बाधा आणू शकतात. डॉक्टरांना विचारल्याखेरीज काहीही देऊ नये. प्रार्थनेने बरे वाटेल म्हणून औषध थांबवा, असे सांगणाऱ्यांपासून तर मित्राला वाचवावे. सिराक ग्रंथाच्या अडतिसाव्या अध्यायात वैद्याचा मान राखावयास आणि औषधाचा अव्हेर न करण्यास शिकविले आहे. प्रार्थना आणि उपचार यांच्यात ख्रिस्तसभेने कधी वैर मानलेले नाही.

पुरुषांच्या बाबतीत एक भेट विशेष सांगावीशी वाटते. आपल्या भागात तंबाखू आणि गुटखा यांचे व्यसन मोठे आहे. २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, तरी सवय सुटली नाही. तोंडाच्या कर्करोगातून सावरणाऱ्या मित्रासमोर तंबाखू मळत बसणे क्रूरपणाचे आहे. त्याच्या कट्ट्यावरच्या चार सोबत्यांनी मिळून ती सोडली, तर याहून मोठी भेट नाही. त्याला व्यसनापासून दूर राहणे सोपे जाते आणि या चौघांच्या घरचीही चिंता मिटते.

डबा पाठविताना

केमोथेरपीने तोंडाची चव बदलते; अन्न कडू किंवा धातूसारखे लागते. फोडणीच्या वासाने उमासे येतात. तोंड आलेले असेल तर ठेचा, येसर घातलेली आमटी, लोणचे, आंबट फळे यांनी आग होते. अशा वेळी मुगाची पातळ खिचडी, ज्वारीच्या कण्या, भाताची पेज, साधे वरण, नीट उकडलेले अंडे, केळे असे मऊ, कोमट आणि सौम्य अन्न थोडे थोडे द्यावे. सकाळी फोन करून 'आज काय जाईल?' असे विचारावे. काल आवडलेले आज नकोसे होऊ शकते. अन्न ताजे असावे. कापून ठेवलेली फळे आणि गाड्यावरचा रस टाळावा. मधुमेह असेल तर गोड पावडरी नेऊ नयेत.

आपल्याकडे आलेला डबा रिकामा परत करीत नाहीत. ही सुंदर रीत आजारपणात मात्र त्या घरच्या वहिनींवर ओझे होते. म्हणून 'डबा मी उद्या न्यायला येतो, त्यात काही घालायचे नाही' असे स्पष्ट सांगावे. उपवासकाळात रुग्ण उपवासाचा आग्रह धरीत असेल, तर आजारी माणसाला उपवासाचे बंधन नाही हेही त्याला सांगावे.

प्रवास, मुक्काम आणि कागदपत्रे

नांदेड-लातूरच्या रुग्णांना सोयीनुसार छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, लातूरचे विवेकानंद रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय किंवा हैदराबाद येथे उपचार घेता येतात. बार्शीचे नाव अनेकांना ठाऊक नसते. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली तेथेच सुरू झाली. तरीही पुष्कळांना परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जावे लागते. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेले हे रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे आणि देशभरातून तेथे रुग्ण येतात. नांदेडहून देवगिरी, लातूरहून लातूर एक्सप्रेस अशी रात्र काढून पोहोचलेला माणूस तेथील गर्दीत बावरून जातो. अशा वेळी सोबत असणे ही पहिली मदत होय. एकाने रांगेत उभे राहावे, दुसऱ्याने रुग्णाजवळ बसावे, डॉक्टर सांगतील ते वहीत लिहून घ्यावे.

रेल्वेत कर्करुग्णाला उपचारासाठी जाताना-येताना सवलत मिळते. स्लीपर आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत रुग्णाचे मूळ भाडे पूर्ण माफ असते आणि सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सवलत असते. त्यासाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. ते मिळविणे, आरक्षण खिडकीवर जाऊन तिकीट काढणे हे काम मित्राने अंगावर घ्यावे.

मुक्कामासाठी परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा यांनी असंख्य रुग्णांना आसरा दिला आहे. कर्करोग झालेल्या बालकांसाठी २००६ साली सुरू झालेली सेंट ज्यूड संस्थेची केंद्रे कुटुंबाला विनामूल्य राहण्याची सोय देतात. जागा मर्यादित असतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. तेथे राहावयास जाणाऱ्याला कुलूप, सतरंजी, बादली-मग, मोबाइलचा लांब वायरचा चार्जर अशी पिशवी भरून द्यावी.

शासनाची योजनाही मित्राने समजून घ्यावी. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत नांदेड होते. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते आणि आता तिच्यात प्रति कुटुंब प्रति वर्ष ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. उपचार सुरू होण्यापूर्वीच त्याला भेटावे. याशिवाय धर्मादाय न्यासांच्या मोठ्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवणे बंधनकारक आहे. मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडेही अर्ज करता येतो. या सर्वांसाठी शिधापत्रिका, आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला लागतो. नावातील एका अक्षराच्या चुकीने काम अडते. तहसील कार्यालयाच्या चार फेऱ्या मारणे ही भेट कागदात गुंडाळता येत नाही, पण तिच्यामुळे लाखांचा खर्च वाचतो.

मागे राहिलेले घर

शुभवर्तमानात चार जणांनी पक्षाघाती माणसाला खाटेसकट येशूकडे नेले. छप्पर उघडून त्याला खाली सोडले. एकट्याला ते साधले नसते. कर्करुग्णाच्या घरीही कामांची अशीच वाटणी करता येते.

'काही लागले तर सांग' हे आपण सहज बोलतो. परंतु त्यामुळे विचार करण्याचे आणि मागण्याचे काम रुग्णावरच पडते आणि भिडस्त माणूस कधी सांगत नाही. त्यापेक्षा 'मंगळवारी मुलांना शाळेतून मी आणतो', 'तुम्ही मुंबईत असेपर्यंत आजींची औषधे मी बघते' असे नेमके बोलावे. लातूरमध्ये पाण्याची टंचाई काय असते हे सांगावयास नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. नळ येईल त्या दिवशी दोन टाक्या भरून देणे, सिलिंडर लावून घेणे, वीजबिल भरणे, शेतीवर लक्ष ठेवणे, सोयाबीन काढणीला चार माणसे घेऊन जाणे, ही सर्व खरी मदत आहे.

रुग्णाची सेवा करणाऱ्या व्यक्तीचाही विचार व्हावा. पत्नी, आई किंवा मुलगी रात्रंदिवस जागत असते आणि तिची विचारपूस कुणी करीत नाही. आठवड्यातून एक दुपार आपण रुग्णाजवळ बसावे आणि तिला झोपू द्यावे, किंवा निवांतपणे मिस्साला जाऊन येऊ द्यावे.

पैसा देताना मान राखावा. उजवा हात काय देतो हे डाव्याला कळू नये, ही प्रभूची शिकवण येथे अक्षरशः पाळावी. चर्चच्या अंगणात सर्वांसमोर पाकीट देणे, छायाचित्र काढून ग्रुपवर टाकणे यांमुळे घेणाऱ्याची मान खाली जाते. एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा सहा महिने, दरमहा ठरलेली रक्कम दिली तर त्या कुटुंबाला प्रवासाचा हिशेब मांडता येतो. हे उसने आहे की भेट, हेही आधीच स्पष्ट करावे.

धर्मग्रामाची जबाबदारी

आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाविषयी अजूनही भीती आहे. धर्मगुरू तेल घेऊन आले म्हणजे शेवट जवळ आला, असे समजले जाते. हा केवळ मरणासन्न माणसाचा संस्कार नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली स्पष्ट केले. गंभीर आजाराच्या प्रारंभी, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी तो घेता येतो. मित्राला तशी इच्छा आहे का हे विचारून धर्मगुरूंना कळवावे. चर्चला येणे शक्य नसेल तर पवित्र कम्युनियन घरी आणण्याविषयीही सांगावे. मात्र मित्र दुसऱ्या धर्माचा असेल तर त्याच्या श्रद्धेचा मान राखावा. आजारपण ही धर्माचा आग्रह धरण्याची वेळ नव्हे.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली जागतिक रुग्णदिन घोषित केला आणि १९९३ पासून तो ११ फेब्रुवारीला, लूर्द मातेच्या सणादिवशी पाळला जातो. त्या दिवशी रुग्णांसाठी प्रार्थना होते. पण वर्षभरासाठी धर्मग्रामातील पाच-सहा जणांनी डबा, प्रवास, कागदपत्रे अशी कामे वाटून घेतली, तर तो दिवस खऱ्या अर्थाने पाळला असे म्हणता येईल.

सर्वच रुग्ण बरे होत नाहीत, हेही मान्य करावे लागते. आता रोग आटोक्यात येणार नाही असे डॉक्टर सांगतात, तेव्हा भेटायला काय म्हणून जायचे या संकोचाने मित्र दूर होतात. वास्तविक तेव्हाच त्यांची गरज असते. वेदना कमी करणारे उपचार उपलब्ध आहेत आणि ते मागणे हा रुग्णाचा अधिकार आहे. टाटा स्मारक रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ साली वांद्रे येथे 'शांती अवेदना सदन' सुरू केले. अशा रुग्णांसाठीचे देशातील ते पहिले सेवासदन होय. तेथे धर्मभगिनी सर्व धर्मांच्या रुग्णांची सेवा करतात. उपचार थांबले तरी सेवा थांबत नाही, हे तेथे पाहावयास मिळते.

आणि जे बरे होतात, त्यांनाही उपचारांनंतर सोबत लागते. अंगात शक्ती येण्यास वेळ जातो, तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते. दयाळू शोमरोनी माणसाने जखमीला तेल-द्राक्षारस लावला, धर्मशाळेत पोहोचविले, दोन नाणी दिली आणि अधिक खर्च झाल्यास परत येईन तेव्हा देईन, असे सांगून तो गेला. आपण त्याचे तेल आणि नाणी लक्षात ठेवतो. परत येण्याचा त्याचा शब्दही लक्षात ठेवावा.

आपल्या धर्मग्रामात, शेजारात, कामाच्या ठिकाणी या घडीला कुणीतरी या आजारातून जात असेल. त्याला कळून किती महिने झाले आणि आपण शेवटचे केव्हा गेलो होतो, हे आठवून पाहावे. या आठवड्यात त्याला फोन करावा, पुढील उपचाराची तारीख विचारावी आणि त्या दिवशी आपण काय करणार हे त्याला सांगावे. सर्व रुग्णांना, त्यांची सेवा करणाऱ्यांना आणि त्यांच्या मित्रांना प्रभू सामर्थ्य देवो, हीच प्रार्थना.